पाऊस चुकला खरा, पण भूक नेमकी कुठून आली?

ओलदुष्काळ (धागाकर्ता)

मंडळी,

हवामानबदल आणि शेती म्हटलं की लेख ठरलेल्या चालीने जातात. तापमान वाढणार, उत्पादन घटणार, खाणारी तोंडं वाढणार, आणि शेवटच्या परिच्छेदात सगळ्यांनी जागं व्हायचं. पण शेतातला पाऊस चुकण्यापासून घरातली चूल थंड पडण्यापर्यंतचा रस्ता त्यात सहसा कुठे दिसत नाही. हा धागा त्या रस्त्यासाठी.

आधी दोन आकडे. जगात गेली काही वर्षं धान्य २८० कोटी टनांच्या आसपास पिकतंय, म्हणजे तुटवडा म्हणावा असं काही नाही. तरी २०२४ साली सुमारे ६७ कोटी ३० लाख लोक उपाशी होते असा संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अंदाज आहे. आफ्रिकेत पाचातला एक. रोममध्ये १९९६ साली भरलेल्या जागतिक अन्न परिषदेतून जी व्याख्या रूढ झाली, तिच्यात चार गोष्टी येतात: अन्न असणं, ते मिळवायची ऐपत असणं, खाल्लेलं अंगी लागणं आणि हे सगळं सातत्याने घडणं. आपण चर्चा करतो ती बहुतेक पहिल्या गोष्टीची.

आता आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा झांबिया बघा. २०२३-२४ चा हंगाम, एल निनोचं वर्ष, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून जगाचं पाऊसमान बिघडतं ते. ऐन जानेवारी-फेब्रुवारीत, मका तुऱ्यावर असताना, पावसाने दडी मारली. मक्याचं दुखणं असं, की ओल तुटली तर तुरा वेळेवर येतो पण कणसाचं केसर बाहेर पडायला उशीर होतो. तोवर पराग झडून गेलेला असतो. ताटं लांबून बरी दिसतात, कणीस सोललं की निम्मं बोडकं. देशात मक्याखाली साधारण २२ लाख हेक्टर होते, त्यातले जवळपास १० लाख हेक्टर गेले. २९ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्राध्यक्ष हिचिलेमा यांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली.

इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पुढची बघा. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर होते. करिबा जलाशय तळाला गेला आणि शहरांतली वीज दिवसातले कितीतरी तास गायब झाली. वेल्डिंगवाला, सलूनवाला, शीतपेटीत मासळी ठेवून विकणारी बाई, यांच्यापैकी कोणाचं शेत नव्हतं की मका नव्हता. पण मक्याचा भाव चढत असतानाच यांची रोजची कमाई बसली. आणि खेड्यात तरी काय वेगळं? छोटा शेतकरी म्हणजे धान्य विकणारा, ही आपली समजूत. आफ्रिकेतले बरेचसे अल्पभूधारक वर्षाच्या हिशेबात विकतात त्याहून जास्त धान्य विकत घेतात. सुगीला पडत्या भावात विकायचं, पुढच्या पेरणीच्या आसपास चढ्या भावात घ्यायचं. पीक गेलं की घरचं धान्यही जातं आणि ते विकत घ्यायचे पैसेही.

ऑस्ट्रेलियात २००६-०७ च्या दुष्काळात गव्हाचं पीक आदल्या वर्षाच्या निम्म्याहून खाली आलं. तिथे कोणी भुकेने मेलं नाही. म्हणजे पावसाची तूट आणि भूक यांच्यामध्ये बरंच काही बसलेलं असतं: साठा, बचत, विमा, सरकार, रस्ते. हवामानबदल ते मधलं सगळं पोखरतो असं माझं म्हणणं आहे. दुष्काळ पूर्वीही पडायचे. फरक पडलाय तो दोन दुष्काळांमध्ये सावरायला मिळणाऱ्या वर्षांत.

सोमालिया, दक्षिण इथिओपिया, उत्तर केनिया या पट्ट्यात वर्षाला दोन पावसाळे. २०२० च्या अखेरीपासून २०२२ च्या अखेरीपर्यंत सलग पाच पावसाळे चुकले. त्याआधी २०१६-१७ चा दुष्काळ, त्याआधी २०१०-११ चा, ज्यात एकट्या सोमालियात अडीच लाखांवर माणसं गेली. तिथली बचत बँकेत नसते, कळपात असते. शेळ्यामेंढ्यांचा कळप दोनचार बऱ्या वर्षांत पुन्हा उभा राहतो. सांडणीचा गर्भकाळच तेरा महिन्यांचा, दोन-अडीच वर्षांत एखादं पिल्लू. कळप सावरायच्या आत पुढचा दुष्काळ आला तर पशुपालक कायमचा छावणीत जातो. तिसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला तरी त्याचा त्याला काय उपयोग?

लिहा. विरोध करणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

---

तिरकस_तराजू
*गरिबी म्हणा ना सरळ*

लेख आवडला, पण तुम्ही तुमच्याच दाव्याची हवा काढली आहे. ऑस्ट्रेलियात भूक नाही आणि सोमालियात आहे, तर कारण गरिबी आणि मोडकं सरकार. हवामान निमित्त.

मादागास्करचं उदाहरण घ्या. २०२१ मध्ये दक्षिण मादागास्करात भीषण अन्नटंचाई झाली. जागतिक अन्न कार्यक्रमापासून वृत्तवाहिन्यांपर्यंत सगळ्यांनी "हवामानबदलामुळे पडलेला पहिला दुष्काळ" म्हणून डांगोरा पिटला. त्याच वर्षी डिसेंबरात हवामानशास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने, जो एरवी अशा घटनांमागे हवामानबदलाचा हात दाखवतो, त्यानेच सांगितलं की तिथली पावसाची तूट १३५ वर्षांत एकदा यावी अशी आहे आणि तीत मानवी हवामानबदलाचा वाटा असलाच तर नगण्य आहे. खरी कारणं म्हणजे दारिद्र्य, पावसावरच पोसलेली शेती आणि महामारीमुळे बंद पडलेली मजुरी.

१९४३ च्या बंगालवर अमर्त्य सेन यांनी जे दाखवलं तेच. धान्य होतं, मजुराची ऐपत संपली होती. हवामानाचं लेबल लावलं की तिथल्या सरकारला सुटकेचा श्वास घेता येतो. "काय करणार, आभाळच फाटलं."

---

मौनीबाबा

वाचनखूण साठवली. सवडीने लिहितो.

---

गव्हाळ
*आभाळाच्या बाजूने थोडं*

तिरकसराव, उत्पादनाची बाजू इतकी हलक्यात काढू नका. माझं काम पिकांच्या शरीरशास्त्रातलं, म्हणून तेवढंच बोलते.

२०१७ मध्ये अनेक पद्धतींचे निष्कर्ष एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. जागतिक सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं, आणि बाकी काही बदललं नाही, तर गव्हाचं उत्पादन ६ टक्के, मक्याचं ७.४, भाताचं ३.२ आणि सोयाबीनचं ३.१ टक्के घटतं. ही जगाची सरासरी झाली. थंड देशांत काही ठिकाणी फायदाही होतो, त्यामुळे आधीच उष्ण असलेल्या देशांचा वाटा सरासरीपेक्षा वाईट.

पण टक्केवारीतून खरी गोष्ट कळत नाही. भाताचं फूल बघा. ते सकाळी उमलतं आणि तासा-दोन तासांत मिटतं. तेवढ्याच वेळात परागकोश फुटून पराग पडायचा असतो. त्या तासाला लोंबीपाशी तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर पराग नीट पडत नाही आणि दाणा पळींज राहतो. अख्ख्या हंगामाची सरासरी उत्तम असली तरी फुलोऱ्यातले पाचसहा दिवस तापले की झालं. म्हणून फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एका रानटी भातातून पहाटे लवकर फुलण्याचा गुण लागवडीच्या वाणांत आणायचं काम हाती घेतलं. फूल ऊन चढायच्या आत उरकून घेईल, एवढीच युक्ती.

रात्रीचं तापमान हा दुसरा चोर. याच संस्थेच्या शेतावरच्या १९९२ ते २००३ च्या नोंदींत, कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान एक अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. रोप रात्री श्वसनात साखर जाळतं. रात्र उबदार, तर दिवसाची कमाई रात्री खर्च. दुपारच्या उन्हाच्या बातम्या होतात, या रात्रींची कोणी दखल घेत नाही.

आणि धागाकर्त्यांनी "अंगी लागणं" म्हटलंय, त्यावर दोन गोष्टी. हवेतला कार्बन डायऑक्साइड या शतकाच्या मध्याला अपेक्षित असलेल्या पातळीला, म्हणजे दशलक्षात ५५० भागांच्या आसपास, नेऊन उघड्या शेतात प्रयोग झाले. गव्हातलं जस्त ९ टक्क्यांच्या आसपास आणि लोह ५ टक्क्यांच्या आसपास कमी भरलं. भातातली प्रथिनंही घटली. पोत्याचं वजन तेच, आत पोषण कमी. ज्यांचं जेवण म्हणजे जवळजवळ नुसता भात किंवा नुसती पोळी, त्यांच्यासाठी ही तूट मोठी आहे. दुसरं, ताण बसलेल्या मक्यावर अॅस्परजिलस बुरशी लवकर चढते, आणि तो ओलसर साठवला की अफ्लाटॉक्सिन हे तिचं विष वाढतं. केनियात २००४ मध्ये असा मका खाऊन ३१७ जणांना विषबाधा झाली, १२५ दगावले. टंचाईच्या वर्षी बुरशीचा मका कोण फेकून देतं?

---

कुतूहल_कट्टा

गव्हाळताई, पण कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमाने वाढतात असंही वाचलंय. मग दोन्ही बाजू फिटतात ना?

---

गव्हाळ

गहू, भात, कडधान्यं यांना फायदा होतो, पण पाणी आणि नत्र पुरेसं असेल तेव्हा. मका, ज्वारी, बाजरी, ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत वेगळी, त्यांना थेट फायदा फारसा नाही. पाण्याचा ताण असताना थोडा दिलासा मिळतो एवढंच. आणि सहाराच्या दक्षिणेकडची शेती उभी आहे ती मका-ज्वारी-बाजरीवर. बहुतांश कोरडवाहू, खत नावाला. फायदा जिथे पोचायला हवा तिथे पोचत नाही.

---

गोदामपाल
*बंदरावरची बाजू*

धान्याच्या व्यापारात आयुष्य गेलं, तेव्हा माझी बाजू बंदरावरची. पाऊस एका देशात चुकतो आणि ताट दुसऱ्याच देशात रिकामं होतं, हे इथे अजून कोणी लिहिलेलं दिसत नाही.

मार्च २०२२. भारतात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला मार्च. गहू नेमका दाणे भरायच्या अवस्थेत. दाणा चिमला. ११.१ कोटी टनांचा सरकारी अंदाज १०.५ कोटींवर आला. तिकडे युक्रेन युद्धामुळे काळ्या समुद्रातला गहू अडकलेला, जग भारताकडे डोळे लावून बसलेलं. १३ मे ला भारताने गव्हाची निर्यात थांबवली. भारत काही गव्हाचा फार मोठा निर्यातदार नव्हे, पण बाजाराने दचकायचं ते दचकून घेतलंच.

तांदळाचं मात्र वेगळं. जगातल्या तांदळाच्या निर्यातीत भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात. जुलै २०२३ मध्ये पाऊसमान विस्कळीत, एल निनोची भीती, घरात भाव चढलेले. २० जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. ऑगस्टमध्ये अन्न व कृषी संघटनेचा तांदळाचा भावनिर्देशांक १५ वर्षांतल्या उच्चांकावर. बंदी उठली सप्टेंबर २०२४ मध्ये. मधल्या काळात सेनेगल, बेनिनसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांनी काय केलं असेल? गिनी, मलेशिया, फिलिपिन्स अशा काही देशांना सरकारी परवानगीने ठरावीक कोटा मिळाला. बाकीच्यांनी महाग घेतला किंवा कमी खाल्ला.

यात गंमत, गंमत कसली, अशी की बंदीचं कारण पिकाची तूट असतेच असं नाही. २००८ च्या वसंतात तांदूळ टनाला १००० डॉलरच्या आसपास गेला, काही महिन्यांत तिप्पट. त्या वर्षी जगात तांदूळ भरपूर पिकला होता. भारत आणि व्हिएतनाम यांनी निर्यात आवळली, फिलिपिन्सने घाबरून मिळेल त्या भावात निविदा काढल्या, आणि भीतीने भीती वाढवली. तांदळाचं जागतिक पीक मोठं, पण सीमा ओलांडतो तो दहातला एक वाटा. इतक्या पातळ बाजारात एका मोठ्या देशाने दार लावलं की धक्का लगेच लागतो. हवामान जितकं लहरी होईल, तितकी सरकारं दारं लावायला उतावीळ होतील. मला पीक बुडण्यापेक्षा याची धास्ती जास्त वाटते.

---

साधा_हिशेब

मग भारताने काय करायचं होतं? आपल्या लोकांना महाग खायला घालून निर्यात करायची? ज्या देशात ८० कोटी लोक रेशनवर आहेत त्याच्या सरकारने आधी घरचं बघितलं तर चुकलं कुठे? हेच श्रीमंत देश महामारीत लसी दाबून बसले होते.

---

गोदामपाल

घरचं बघू नका असं म्हणालोच नाही. पण घरचं बघायची साधनं बंदीखेरीजही आहेत. सरकारी गोदामातला साठा खुल्या बाजारात सोडणं, निर्यातशुल्क, किमान निर्यातमूल्य. शुल्क लावलं तर माल महाग होतो पण मिळतो. बंदी घातली की बंदरात पोचलेला मालही अडकतो आणि पुढच्या वर्षी तो आयातदार तुमच्यावर विसंबत नाही. शेतकऱ्याचा चढा भाव जातो तो वेगळाच. तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल वाद नाही.

---

ओलदुष्काळ
*तिरकसरावांना*

मादागास्करचं उदाहरण चपखल आहे आणि मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. पण त्याच गटाने २०२३ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या त्या पाच पावसाळ्यांबद्दल काय म्हटलं तेही वाचा. पाऊस कमी पडला तो पडलाच, शिवाय हवा इतकी तापलेली होती की जमिनीतली उरलीसुरली ओल उडून गेली. बाष्पीभवन धरून पाहिलं तर असा शेतीचा दुष्काळ पडण्याची शक्यता मानवी हवामानबदलाने किमान १०० पटींनी वाढवली. म्हणजे एकच फूटपट्टी, दोन ठिकाणी दोन उत्तरं. म्हणून "सगळं हवामान" आणि "सगळी गरिबी" ही दोन्ही वाक्यं मला आळशी वाटतात.

आणि गरिबी कुठून आली हे विचारायचं की नाही? २०२२ मध्ये सोमालियात त्या दुष्काळाने सुमारे ४३ हजार जादा मृत्यू झाले असावेत असा अंदाज निघाला, त्यात निम्मी पाच वर्षांखालची मुलं. त्यांच्यातल्या बऱ्याच घरांचे कळप २०१७ मध्येच खूप घटले होते. असं कुटुंब २०२० मध्ये गरीब होतं हे खरं, पण ते २०१७ च्या दुष्काळाने गरीब होतं. तुमच्या तराजूत हे कुठल्या पारड्यात टाकायचं?

---

विमा_विरक्त
*उपग्रह म्हणतो सगळं ठीक आहे*

धक्का सोसायला विमा हे उत्तर सगळीकडे सुचवलं जातं. मी त्या धंद्यात होतो, म्हणून मलावीची हकीकत सांगतो. ही सार्वजनिक नोंदीतली आहे.

आफ्रिकन देशांनी मिळून आफ्रिकन रिस्क कपॅसिटी नावाची संस्था काढली. सरकारने हप्ता भरायचा, आणि पाऊस चुकला हे उपग्रहाच्या नोंदींवरून चालणाऱ्या गणिती प्रारूपाने ठरवलं की पंचनाम्याची वाट न बघता पैसे यायचे. कल्पना उत्तम. मलावीने २०१५-१६ साठी ४७ लाख डॉलरचा हप्ता भरला. दुष्काळ पडला, एप्रिल २०१६ मध्ये आपत्ती जाहीर झाली, ६५ लाखांवर लोकांना मदत लागणार असं दिसत होतं. प्रारूप म्हणालं, फटका बसलाय जेमतेम २१ हजार लोकांना. भरपाई शून्य.

मग प्रत्यक्ष पाहणी केली. प्रारूपात मक्याचा उशिरा येणारा, लांब मुदतीचा वाण धरला होता. शेतकऱ्यांनी लावला होता लवकर येणारा, तीनेक महिन्यांचा. पाऊस तुटला तेव्हा प्रारूपातला मका अजून लहान होता आणि शेतातला मका तुऱ्यावर. धागाकर्त्यांनी वर जे कणीस सोलून दाखवलं, तेच इथे घडलं. वाण बदलून गणित पुन्हा केल्यावर ८१ लाख डॉलर मंजूर झाले, पण तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता. हाती पडायला जानेवारी २०१७. म्हणजे झटपट मदतीचा विमा पंचनाम्यापेक्षाही उशिरा पोचला.

आणि कळीची बाब अशी की शेतकरी लवकर येणाऱ्या वाणाकडे वळले होते ते पावसाळा आखूड होतोय म्हणूनच. त्यांनी हवामानाशी जुळवून घेतलं, विम्याने घेतलं नाही.

---

तिरकस_तराजू

विरक्तबुवा, ही हकीकत माझ्याच बाजूची आहे. :) यंत्रणा धड असती तर एप्रिलमध्ये पैसे आले असते. पाऊस तोच.

---

विमा_विरक्त

घ्या तुमच्या बाजूला. फक्त हेही बघा की जुन्या नोंदींवर बेतलेलं प्रत्येक गणित, विम्याचं, धरणाचं, पीककर्जाचं, असंच चुकत जाणार आहे. "शंभर वर्षांत एकदा" या शब्दांवर आमचा सगळा धंदा उभा होता.

---

खारफुटी
*पूर यायच्या आधी पैसे*

उदाहरणं सगळी पडझडीची झाली, म्हणून बांगलादेशातल्या दोन गोष्टी.

जुलै २०२०. जमुना नदीच्या (ब्रह्मपुत्रेचं बांगलादेशातलं नाव) वरच्या अंगाला पावसाचा जोर होता. पूर मोठा येणार असा अंदाज दहा दिवस आधी मिळत होता. जागतिक अन्न कार्यक्रमाने पूर यायच्या आधीच नदीकाठच्या हजारो कुटुंबांच्या मोबाइल खात्यात प्रत्येकी ४५०० टाका (तिथलं चलन) जमा केले. एरवी पाणी चढतं, लोक बांधावर येऊन बसतात, शेळी मिळेल त्या भावात विकतात, सावकाराकडे जातात आणि मग काही आठवड्यांनी मदतीची पाकिटं येतात. नंतर अभ्यास झाला तेव्हा, ज्यांना पैसे मिळाले त्यांच्यावर पुराच्या काळात अख्खा दिवस उपाशी राहायची पाळी येण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी दिसलं. तीन महिन्यांनीसुद्धा त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. रक्कम तीच, फक्त आधी.

दुसरी गोष्ट भाताची. साधं रोप पूर्ण बुडालं की श्वास घ्यायला वर यायची धडपड करतं, त्यात अंगातली साखर संपते आणि पाणी ओसरताच कोलमडतं. ओडिशातल्या एका जुन्या स्थानिक भातात उलटा गुण होता, बुडालं की वाढ थांबवून निपचित पडायचं. तो गुण लोकप्रिय स्वर्णा वाणात आणला. पंधरवडाभर पाण्याखाली राहूनही पीक हाती येतं. २००९ मध्ये भारतात आणि २०१० मध्ये बांगलादेशात असे वाण आले. चव, शिजणं, बाजारभाव सगळं जुन्या स्वर्णाचंच, म्हणून शेतकऱ्याला समजवायला फार बोलावं लागलं नाही.

दक्षिणेकडे मात्र गणित अवघड. समुद्राचं खारं पाणी आत येतंय, वादळाच्या वेळी बांध फुटले की खाचरं खारवट होतात. आयला चक्रीवादळानंतर, म्हणजे २००९ नंतर, काही ठिकाणी पुढची दोन वर्षं भात झाला नाही. खाऱ्या जमिनीत लोकांनी कोळंबी धरली. पैसा आला, पण तो ज्याच्याकडे तळं आहे त्याच्याकडे. भाताला मजूर लागतात, कोळंबीला फार थोडे. जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं आणि भूमिहीन बाईची मजुरी गेली, हे एकाच वेळी घडतं.

---

मौनीबाबा

+१. शेवटचं वाक्य विशेष.

---

पडीक_रान
*झाड कोणाचं?*

नायजरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. दक्षिण नायजरात शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून शेतातले जुने बुंधे तोडायचं थांबवलं. फुटवे राखले, छाटून वाढवले. सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडं परतली. रोपवाटिका नाही, वृक्षारोपणाचा समारंभ नाही. वारा अडला, पाचोळ्याने माती सुधारली, टंचाईत पाला वैरणीला आणि सरपण विकायला मिळालं.

मग आधी का नाही झालं? वसाहतकाळापासून कायदा असा होता की झाड सरकारचं. शेतकऱ्याने फुटवा राखला आणि वाढवून तोडला तर दंड. म्हणून तो कोवळा असतानाच उपटायचा. पुढे सरकारची पकड सैल झाली, माझ्या शेतातलं झाड माझं असं लोक धरून चालले आणि मग राखायला लागले. बुर्किना फासोतले याकुबा सावाडोगो यांचंही असंच. कोरड्या दिवसांत खड्डे खणून त्यात शेणखत घालायची जुनी 'झाई' पद्धत त्यांनी सुधारली, उजाड जमिनीवर रान उभं केलं, २०१८ मध्ये 'राइट लाइव्हलीहुड' पुरस्कार मिळाला. आणि शहर वाढलं तसं त्याच रानात भूखंड पडले. २०२३ मध्ये ते गेले. वाण, उपग्रह, विमा सगळं ठीक, पण जमीन कागदावर कोणाची आहे हे आधी बघा.

---

साधा_हिशेब

आणि या सगळ्याला पैसा कोण देणार? २००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर द्यायचं कबूल केलं, ते भरले २०२२ मध्ये, त्यातही मोठा भाग कर्जाचा. अख्ख्या आफ्रिकेचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा चारेक टक्के. आग लावणारा कर्ज देतोय आणि जळालेल्याने व्याज भरायचं.

---

ओलदुष्काळ

कर्जाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यातही हवामाननिधीतून छोट्या शेतकऱ्यापर्यंत पोचतात ते दोन टक्क्यांहून कमी. मोठा भाग वीजप्रकल्पांकडे जातो, कारण तिथे परतफेड दिसते. पण आफ्रिकी देशांनीही २००३ मध्ये मापुटोत अर्थसंकल्पाचा दहावा हिस्सा शेतीला द्यायचं ठरवलं होतं, तो फार थोड्यांनी दिला. तिरकसरावांना हे आवडेल.

---

कुतूहल_कट्टा

विरक्तकाका, एक शंका. पीकविमा समजला. पण धागाकर्ते म्हणतात तसं बचत कळपात असेल तर त्याचा विमा कसा? प्रत्येक उंटाला बिल्ला लावून?

---

विमा_विरक्त

बिल्ला नाही. उत्तर केनियातल्या मार्साबित भागात २०१० पासून प्रयोग सुरू झाला. उपग्रहातून कुरणाचा हिरवेपणा मोजायचा, तो ठरलेल्या पातळीखाली गेला की त्या भागातल्या सगळ्या विमाधारकांना पैसे. सुरुवातीला बेत असा, की जनावर मेल्याची भरपाई. पुढे लोकांनीच सांगितलं की मेल्यावर पैसे घेऊन काय करू, जगवायला द्या. २०१५ मध्ये केनिया सरकारने योजना काढली तेव्हा भरपाई आधीच द्यायची असं ठरलं, कुरण वाळायला लागलं की वैरण, पाणी, औषधाला. उंट वाचवायला लागणारा पैसा नवा उंट घेण्यापेक्षा कितीतरी कमी. त्या योजनेत गरीब कुटुंबांच्या ठरावीक जनावरांचा पूर्ण हप्ता सरकार भरायचं. एक गाय हे एकक धरायचे, उंट त्याहून जास्त, दहाएक शेळ्या मिळून एक, अशी पाच एककं.

---

कुतूहल_कट्टा

आणि पाचाच्या वरची?

---

विमा_विरक्त

त्यांचा हप्ता ज्याचा त्याने. फार थोडे भरायचे. दोन वर्षं पाऊस बरा झाला की पैसे फुकट गेले असं वाटतं, आणि वाईट वर्षी हप्त्याला पैसे नसतात.